व्हॅक्यूम लावून बाळंतपण झालंय? टोपडं काढून बाळाचं डोकं पुन्हा पुन्हा का बघायचं?

बाळाचे ठोके कमी होऊ लागले किंवा आई जोर करून थकली, की डॉक्टर कधी व्हॅक्यूम, तर कधी चिमटा म्हणजे फोर्सेप्स लावून बाळंतपण करतात. अशा बाळाच्या डोक्यावर अनेकदा सूज दिसते. बहुतेक वेळा ती साधी असते. पण कधीतरी तीच बाळाच्या जिवावर बेतू शकते.

सूज कोणती, हे कसं ओळखायचं?

व्हॅक्यूमचा कप लावलेल्या जागी आलेला फुगवटा साधारण एक-दोन दिवसांत उतरतो.

कवटीच्या एकाच हाडापुरती गाठ असेल, तर तिथे रक्त साचलेलं असतं. ती काही आठवड्यांत विरते, पण तिच्यामुळे कावीळ वाढू शकते.

तिसरी सूज क्वचित येते, पण सर्वांत धोकादायक असते. ती मऊ, पाण्याच्या पिशवीसारखी हलणारी असते आणि कानामागे, मानेकडे पसरत जाते. ३ किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम २५० मिली रक्त असतं. त्यातलं बरंचसं या जागेत साचू शकतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही.

डॉक्टर काय तपासतात?

डोक्याचा घेर, सूज, रंग, श्वास आणि नाडी पुन्हा पुन्हा पाहिली जाते. चिमटा लावला असेल, तर रडताना तोंड वाकडं होतं का, दोन्ही हात सारखे हलतात का, हेही बघतात. रक्तस्राव टाळण्यासाठी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं जातं.

घरी जायची घाई का नको?

जळगाव जामोद घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, तर जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा घाटावर. डोंगरातल्या गावी परतलेल्या बाळाला पुन्हा खाली आणून पुढे हलवण्यात मोलाचे तास जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताईंची पहिली ठरलेली गृहभेट तिसऱ्या दिवशी असते. धोका मात्र पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो.

सूज वाढली, बाळ फिकट किंवा सुस्त झालं, दूध ओढेना, श्वास जोरात चालला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. घरी असाल तर १०८ किंवा १०२ वर फोन करा. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि वाहन मोफत आहे. आणि हो, तेल लावून गाठ चोळू नका.