कायद्याची प्रवेशपरीक्षा केव्हां द्यावी?

‘आधीं बारावीची परीक्षा होऊं दे, मग कायद्याच्या प्रवेशाचें पाहूं,’ असा सल्ला अनेक घरांतील वडीलधारी मंडळी मुलांस देतात. हा सल्ला आतां कालबाह्य झाला आहे, हें आम्ही आमच्या वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

राष्ट्रीय विधि विद्यापीठांची ‘क्लॅट’ ही सामायिक परीक्षा २००८ सालीं मे महिन्यांत प्रथम झाली. डिसेंबर २०२२ पासून मात्र ती डिसेंबरांत, म्हणजे बारावीच्याहि आधीं होऊं लागली आहे. अर्ज भरण्यास पावसाळ्यांतच आरंभ होतो. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विधि विद्यापीठांचे प्रवेश याच परीक्षेवर होतात. ती हुकली कीं वर्ष गेलें!

म्हणून तयारीचा आरंभ अकरावी संपतांच व्हावा. दोन तासांत १२० प्रश्न सोडवावयाचे असून चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. येथें घोकंपट्टीचा उपयोग नाहीं. जलद व सावध वाचनाची संवय हवी. अग्रलेख रोज वाचून त्यांतील युक्तिवाद मुलानें आजोबांस सांगावा. पुण्याच्या आय. एल. एस. किंवा मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयासाठीं राज्याची सीईटी बहुधा बारावीनंतर होते; ती दुसरी संधि होय.

तुळशीचें लग्न लागलें कीं घरोघर लग्नसराई सुरू होते, आणि नेमका तोच काळ या परीक्षेचा! त्या दिवसांत मुलास मांडवांतून मोकळें ठेवावें, एवढीच आमची विनंति.