तारीख कापलेली बातमी

'सुपा एमआयडीसीत मेगा भरती. दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा. राहण्या-जेवणाची सोय. उद्या शेवटचा दिवस. गरजू मित्रापर्यंत पोहोचवा.' असा मेसेज आयटीआयच्या पोरांच्या ग्रुपवर वर्षभर फिरत असतो. कधी त्यात पगाराचा आकडा असतो, कधी कंपनीचं बोधचिन्ह. त्यातला 'उद्या' म्हणजे नेमका कुठला दिवस, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

नगरहून पुण्याकडे निघालं, की केडगाव, कामरगाव मागे पडून सुपा येतं. सगळा तालुका पारनेरचा, अवर्षणाचा. पूर्वी इथला माणूस कामासाठी मुंबई-पुण्याला जायचा. आता औद्योगिक वसाहत वाढली आहे, जपानी कंपन्यांसाठी वेगळा टापू राखला गेला आहे आणि बाहेरची मुलं कामाला इकडे येतात. बीड, जालना, परभणीकडून रात्रीच्या गाडीने निघालेली मुलं पहाटे स्टँडवर उतरतात, चहा पितात आणि पाठीवरची सॅक सावरत गेट शोधत चालू लागतात. त्यांच्या मोबाइलवर एखादं पान उघडलेलं असतं. त्या पानावरची भरती कितीदा तरी केव्हाच संपलेली असते.

मी या वसाहतीतल्या उद्योगांविषयी वेबसाइटवर लिहितो: कुठे भरती आहे, कुठली शेड नव्याने सुरू झाली, कंपनीच्या बसचा रस्ता कुठून आहे, खोल्यांची भाडी काय चालली आहेत. भरतीची बातमी लिहायची तर आधी गेटवर जावं लागतं. सिक्युरिटीवाला आत फोन लावतो. भरती कंपनीची आहे की ठेकेदाराची, हे विचारावं लागतं, कारण मुलाच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच पडतो. ट्रेनी म्हणून घेणार की ॲप्रेंटिस म्हणून, पीएफ-ईएसआय कापून हातात किती पडणार, फिटर हवेत की सीएनसी ऑपरेटर, जागा भरल्या तर मुलाखती दुपारीच थांबवणार का, हे सगळं विचारून घ्यायचं आणि मग लिहायचं. प्रत्येक बातमीच्या डोक्यावर तारीख आणि खाली 'ही माहिती अमुक दिवसापर्यंतच खरी' अशी ओळ टाकायची.

बातमी टाकली, की काही मिनिटांत ती दुसरीकडे दिसू लागते. हे काम माणूस करत असेल, असं बाहेरून वाटतं. पण एखाद्या संध्याकाळी सर्व्हरची नोंदवही उघडून बसलं, की खरा प्रकार कळतो. त्या नोंदवहीत दर भेटीची एक ओळ असते: आयपी पत्ता, वेळ, मागितलेलं पान आणि येणाऱ्याने स्वतः सांगितलेली ओळख. वाचकाची चाल ओळखू येते. तो मोबाइल कंपनीच्या पत्त्यावरून येतो, त्याच्यासोबत फोटो आणि अक्षरांच्या फायली मागितल्या जातात, थोड्या वेळाने तो 'गेटपर्यंत कसं यायचं' हे पान उघडतो. सकाळच्या शिफ्टची बस सुटण्याआधी आणि रात्री जेवणं झाल्यावर अशा ओळी दाटीने दिसतात. यंत्राची चाल वेगळी. ते ठरल्या मिनिटाला येतं, फक्त नव्या मजकुराची यादी मागतं, काही नवं असेल तर तेवढाच मजकूर उचलतं आणि जातं. फोटो मागत नाही, थांबत नाही. पत्ता कुठल्या तरी डेटा सेंटरचा असतो. काही यंत्रं तर स्वतःची ओळख गुगलचा बॉट अशी देतात. त्याची शहानिशा करता येते. पत्ता उलटा शोधला, की खऱ्या बॉटमागे गुगलचंच डोमेन निघतं. या यंत्रांमागे तसं काही निघत नाही.

यंत्रांसाठी दारावर पाटी लावायची सोय आहे. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये ती सुचवली. रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची ती छोटी फाईल कुठल्या यंत्राने कुठपर्यंत यावं ते सांगते. २०२२ मध्ये तिला अधिकृत तांत्रिक मानकाचं रूप मिळालं. पण ती पाळायची की नाही, हे येणाऱ्याच्या मर्जीवर आहे. गुगलसारखी शोधयंत्रं पाळतात, उचलेगिरीची यंत्रं पाळत नाहीत. मजकुराच्या यादीत पूर्ण लेखाऐवजी दोनच ओळी देऊन पाहिल्या, तर यंत्र मूळ पानावर येऊन लेख घेऊ लागलं. एक पत्ता अडवला की दुसऱ्या पत्त्यावरून येतं.

मजकूर आपलाच आहे हे दाखवायला खूण लागते. नकाशे काढणारे पूर्वी यासाठी खोटं गाव पेरत. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एका कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात ॲग्लो नावाचं, अस्तित्वात नसलेलं गाव घातलं होतं. पुढे नकाशावर नाव पाहून कुणीतरी त्याच जागी, त्याच नावाचं दुकान काढलं. नोकरीच्या बातमीत अशी खोटी खूण पेरता येत नाही, कारण तिच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी खरोखर इथवर येईल. म्हणून मी खरीच, पण गेटवर गेल्याशिवाय कुणाला सुचणार नाही अशी खूण ठेवतो. एकदा लिहिलं होतं, की रांग गेटसमोरच्या लिंबाखाली लागते, उन्हाची काळजी नको. ते लिंबाचं झाड पुढे अनेक वेबसाइटांवर, टेलिग्रामच्या चॅनेलांवर, यूट्यूबच्या निवेदनात, सगळीकडे सापडलं. कंपनीचं नाव तसंच, कागदपत्रांची यादी तशीच, झाडही तसंच. तारीख तेवढी एकाही ठिकाणी नव्हती.

ही तारीख निष्काळजीपणाने गळत नाही, ती मुद्दाम कापली जाते. तारीख असलेली भरतीची बातमी दोन-तीन दिवस चालते. तारीख नसलेली वर्षभर चालते, दर काही दिवसांनी वर काढता येते, 'आजची भरती' म्हणून पुन्हा फिरवता येते, आणि प्रत्येक फेरीला जाहिरातींचे पैसे मिळतात. माझ्या शब्दांच्या चोरीपेक्षा मला हे कापणं जास्त लागतं. गेटवर जाऊन मी जे काही मिळवतो त्याचं सार त्या एका तारखेत असतं.

अलीकडे आणखी एक भर पडली आहे. उचललेला मजकूर एआयकडून शब्द बदलून घेतला जातो, म्हणजे शोधयंत्राला तो नवा वाटावा. गुगलने मार्च २०२४ मध्ये घाऊक पद्धतीने तयार केलेल्या अशा मजकुराविरुद्ध धोरण कडक केलं, पण मराठीत त्याचा परिणाम मला तरी फारसा दिसत नाही. शब्द बदलताना यंत्र गावही बदलतं. बारामती तालुक्यात सुपे आहे, शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं. कर्नाटकात काळी नदीवर सुपा धरण आहे. आमच्या वसाहतीतल्या एका भरतीच्या बातमीला मी त्या धरणाचा फोटो लावलेला पाहिला आहे. दुसरीत तालुका बारामती, जिल्हा पुणे असं छापलं होतं. पारनेरचं सुपा आणि बारामतीचं सुपे यांत चूक झाली, तर मुलाचा दिवस जातो आणि गाडीभाडंही जातं.

आता पैशाची बाजू. अशा पानावर 'अर्ज करण्यासाठी इथे क्लिक करा' हे बटण चार ठिकाणी असतं. एक दाबलं की दुसरं पान, तिथे पुन्हा जाहिराती, मग तिसरं, आणि शेवटी टेलिग्राम चॅनेलचं आमंत्रण. बहुतेकांचा खेळ इथे संपतो. काही चॅनेलांवर मात्र पुढे मुलांकडून गेट पास, मेडिकल किंवा गणवेशाच्या नावाने ऑनलाइन पैसे मागितले जातात. पैसे गेले, की नंबर बंद. ही माणसं आणि मजकूर उचलणारी माणसं एकच असतात असं मी म्हणणार नाही. पण पैसे मागणाऱ्यांचं दुकान मजकूर उचलणाऱ्यांनी जमवलेल्या गर्दीवर चालतं.

आणि ती गर्दी तरी खरी असते का? वेबसाइट चालवणाऱ्या प्रत्येकाला निरोप येतात: इतक्या रुपयांत इतके हजार व्हिजिटर, भारतातले, मोबाइलवरचे, गुगलवरून आल्यासारखे दिसणारे. ते कसे आणतात याचे ढोबळ मार्ग ठाऊक आहेत. फुकट सिनेमे देणाऱ्या साइटवर कुणी बोट लावलं, की मागे एक खिडकी गुपचूप उघडते, त्याने ती पाहिलीही नसते, पण भेट मोजली जाते. काही वेळा पानात पान लपवलेलं असतं. काही वेळा माणूस नसतोच, सर्व्हरवर चालणारा बॉट असतो.

इथल्या एका सीएनसी-प्रोग्रॅमिंग क्लासच्या मालकाने अशाच एका पानावर महिनाभर जाहिरात दिली होती. पानवाल्याने त्याला वाचकसंख्येचे स्क्रीनशॉट पाठवले होते. आकडा मोठा होता, फोन मात्र एकही आला नव्हता. आम्ही दोघं ते स्क्रीनशॉट घेऊन बसलो. रात्री तीन वाजता जितके वाचक, तितकेच रात्री नऊ वाजता. भेटी काही सेकंदांच्या. बहुतेक 'थेट' आलेले, म्हणजे शोधून किंवा कुणाच्या लिंकवरून नाही. मराठी मजकूर, पण वाचकांची शहरं अशी, की तिथे मराठी वाचणारे इतके कुठून आले असा प्रश्न पडावा. नगर जिल्हा यादीत शोधावा लागला. पारनेर तालुक्यातल्या माणसांच्या दिवसाला एक लय आहे. दूध घालायचं, शिफ्ट धरायची, कांदा बाजारात न्यायचा, रात्री मोबाइल बघायचा. त्या आलेखात ही लय कुठेच नव्हती.

यावरून वाचक विकत घेतले होते हे सिद्ध होत नाही, आणि ते मी त्या मालकालाही स्पष्ट सांगितलं. एखादी बातमी अचानक चालली तरी आलेख विचित्र दिसतो. गुगलच्या डिस्कव्हरमध्ये पान आलं तर काही तासांत पूर येतो आणि ओसरतो. पण तो पूर चढतो, उतरतो. महिनाभर सपाट राहत नाही. पारनेरच्या कांदा लिलावात व्यापारी गोणी ओतून माल पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. वाचकसंख्येची गोणी मात्र कुणी ओतायला सांगत नाही, वरच्या आकड्यावर पैसे मोजले जातात. आपल्याकडचा छोटा जाहिरातदार, म्हणजे क्लासवाला, खानावळवाला, खोल्या भाड्याने देणारा, त्याला काय विचारायचं हेच कुणी सांगितलेलं नसतं. त्याने स्क्रीनशॉट घेऊ नये. ॲनालिटिक्स समोर उघडायला सांगावं आणि तासानुसार, गावानुसार वाचक बघावेत.

मोठे जाहिरातदारही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या संघटनेने, एएनएने, जून २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आपोआप विकल्या जाणाऱ्या जाहिरातींचा १५ टक्के पैसा केवळ जाहिरातींसाठी उभारलेल्या साइटांवर जात असल्याचं दिसलं. अलेक्झांडर झुकोव्ह या रशियन माणसाने भाड्याच्या सर्व्हरांवर खोटे वाचक उभे केले. ते पानं सरकवत, माऊस हलवत, व्हिडिओ सुरू करत. या 'मेथबॉट' प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयाने त्याला १० वर्षांची शिक्षा दिली. मोठ्या कंपन्यांचा पैसा बुडतो तेव्हा तपास होतो. क्लासवाल्याच्या काही हजारांसाठी कोण कुणाकडे जाणार?

कायद्याचा एक उपाय आहे आणि तो मी वापरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमांनुसार मजकूर साठवणाऱ्या मध्यस्थाला लेखी तक्रार देता येते. तक्रार योग्य वाटली, तर त्याने ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. दोन परिच्छेदांच्या भरतीच्या बातमीसाठी कुणी न्यायालयात जात नाही, हे उचलणाऱ्याला पक्कं माहीत असतं. शिवाय कॉपीराइट असतो तो शब्दांचा. 'मंगळवारी दहा वाजता मुलाखती आहेत' या माहितीवर माझी मालकी नाही, आणि नसावीच. ती माहिती सगळीकडे गेली तर मला आनंद आहे. गेवराईच्या एखाद्या मुलाला ती माझ्या पानावर मिळाली की दुसऱ्याच्या, याने त्याच्या नोकरीत फरक पडत नाही. ती जुनी असली तर मात्र पडतो.

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांना या मुलांची सवय झाली आहे. 'भरती नाही' म्हणताना ते आता चिडत नाहीत, मोबाइल हातात घेऊन पान बघतात आणि परत देतात. कुणी पाणी देतो, कुणी दुसऱ्या कंपनीचं नाव सुचवतो. मुलं तिथे जातात, तिथून आणखी पुढे. काही जण परत न फिरता रांजणगावची गाडी धरतात. घरून उसने पैसे घेऊन निघालेल्या मुलाला रिकाम्या हाताने गावी जाणं फार जड जातं.

आयटीआयच्या शिक्षकांना आणि ग्रुप चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. भरतीचा मेसेज आला, की आधी तारीख आणि गेटचा पत्ता शोधा. दोन्हींपैकी एक जरी नसेल, तरी तो पुढे पाठवू नका. नोकरीसाठी कुणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. दिले गेले असतील, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, कारण जितक्या लवकर फोन जातो तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि जे माझा मजकूर रोज घेतात, त्यांना एवढंच सांगणं आहे: नाव काढा, शब्द बदला, हवा तो फोटो लावा, पण तारीख काढू नका.