आधी मागची फळी दाखवा

जुलैत पावसानं जोर धरला की पंचगंगेच्या काठावर एकच गडबड उडते, ती मोटारी काढायची. पाणी पात्राबाहेर पडायच्या आत पंपाची मोटार सोडवायची, बांबूला लटकवायची आणि चौघांनी खांदा देऊन वर आणायची. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की हात आणखी भराभर चालतात. त्याच दिवसांत एक यंत्र मात्र उलट्या वाटेनं, घराकडून पाण्याकडं निघतं. नावेच्या मागं बसणारं हे आउटबोर्ड इंजिन. सरकारी कागदात त्या नावेला ‘यांत्रिक बोट’ म्हणतात.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पाण्याची उंची राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ साली ५६ फुटांच्याही पुढं. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांत माळ्यावर, गच्चीवर बसलेली माणसं नावांनीच बाहेर काढली. पूर्वी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून लोक पैलतीर गाठायचे. आता रबरी आणि फायबरच्या नावा आल्या, त्यांच्यामागं इंजिनं आली. ८ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली, माणसं गेली. तेव्हापासून कुठलीही नाव दिसली की तिच्यात किती जण बसलेत आणि तिच्या मागं काय, कसं बांधलंय, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

नाव घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ‘किती हॉर्सपॉवर?’ मीही तोच विचारला होता. उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींनी मला मध्येच थांबवलं. “इंजान मागनं बघू. आधी मागली फळी दावा.” त्यांची उभी हयात ऑइल इंजिनं बसवण्यात गेलेली. इंजिन कितीही नामी असलं तरी फाउंडेशन कच्चं असेल तर ते पहिल्या हंगामातच हलायला लागतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. नावेच्या मागं जिथं इंजिन आवळतात, त्या फळीवर त्यांनी पान्याच्या दांड्यानं ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज ऐकला. डाव्या कोपऱ्यात तो बद्द आला. तिथं स्क्रू-ड्रायव्हर दाबला, तर टोक लोण्यात शिरावं तसं आत गेलं. वरून फायबर चकचकीत होतं. आतलं प्लायवूड मात्र जुन्या बोल्टच्या भोकातून झिरपलेल्या पाण्यानं कुजलं होतं.

मूळचा नॉर्वेचा ओले एव्हिनरूड यानं अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९०९ साली आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं आणि या यंत्राचं नाव जगभर झालं. हे इंजिन उचलून दुसऱ्या नावेला लावता येतं, हातात धरून घरी नेता येतं. सहज निघतं ही त्याची मोठी सोय. आणि नको तेव्हा निघून तळाला जाणं ही त्याची मोठी खोड.

ते का निघतं? पहारीनं दगड उचकटतानाचं चित्र डोळ्यांपुढं आणा. इंजिनाचा पंखा फळीच्या वरच्या कडेपासून जवळपास दोन फूट खाली असतो. तो तिथून नावेला पुढं रेटतो, तेव्हा इंजिनाचं डोकं मागं कलू पाहतं. हा सगळा ताण येतो तो फळीला धरून असलेल्या टीचभर पकडीवर. रिव्हर्स टाकला की ओढ उलटी होते आणि इंजिन उचलून वर यायला बघतं. त्यात थरथर तर अखंड चाललेली. घट्ट आवळलेला स्क्रूही अशा थरथरीत हळूहळू सैल होतो.

लहान इंजिनांना आवळायला आडव्या मुठीचे दोन स्क्रू असतात. ते हातानंच आवळायचे. पाइप घालून पिळले तर पकडच तडकते. स्क्रूच्या चकत्या लाकडात रुतू नयेत म्हणून फळीच्या आतून धातूची पट्टी किंवा जाड प्लायवूड द्यायचं. एवढं करून काम संपत नाही. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून परतायचं आणि पुन्हा आवळायचं, कारण दाबाखाली लाकूड बसतं. माझ्या पाहण्यात जेवढी इंजिनं सुटली, ती बहुतेक हा दुसरा फेरा चुकल्यामुळं. मग दोन्ही मुठी एकमेकींना तारेनं बांधायच्या, म्हणजे कुठलीच एकटी फिरत नाही. शेवटी साखळी: एक टोक इंजिनाला, दुसरं नावेतल्या आरपार बोल्ट केलेल्या कड्याला. पकड सुटली तरी इंजिन लटकत राहतं, तळाला जात नाही.

पंचवीस हॉर्सपॉवरचं इंजिन पन्नास किलोच्या आसपास भरतं. तिथं नुसत्या मुठींवर विसंबणं म्हणजे जिवाशी खेळ. फळीतून आरपार स्टेनलेसचे बोल्ट, आतून रुंद वायसर, नायलॉक नट आणि भोकाच्या भिंतीला सीलंट हवंच. सीलंट भोकाच्या तोंडाला नुसतं फासून भागत नाही. भोक आतूनही भरलं नाही तर कुजणं तिथूनच सुरू होतं.

मग उंची. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती नावेच्या तळाच्या साधारण इंचभर खाली यावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं आणि नाव जागची हलत नाही. फार खाली गेली तर पाणी विनाकारण अडतं. म्हणूनच इंजिनाचा पाय १५, २० आणि २५ इंचांच्या फळ्यांसाठी वेगवेगळ्या मापांत मिळतो. शिडाच्या नावेला लांब पायच घ्यावा. ती वाऱ्यानं कलते, लाटेवर तिचं बूड उचलतं आणि आखूड पायाचा पंखा नेमका नको त्या क्षणी पाण्याबाहेर येतो. कोकणात हौसेनं शीड चालवणारे खालीवर सरकणारी कमान फळीला बसवतात. शीड भरलं की इंजिन वर उचलायचं, बंदरात शिरताना खाली सोडायचं. या कमानीमुळं वजन फळीपासून आणखी मागं जातं, म्हणजे पहार लांब होते. त्यामुळं फळीला आतून आधाराची पट्टी आणखी मोठी हवी.

रबरी नावेची गोष्ट जरा वेगळी. तिची फळी फुग्यांना चिकटवलेली असते, त्यामुळं फळीबरोबर डिंकाचा जोडही तपासावा. फुग्यातली हवा कमी झाली की फळी मागं झुकते आणि पंख्याचा सगळा कोन बिघडतो.

पुराच्या पाण्यात इंजिनाला सगळ्यात जास्त धक्का बसतो तो न दिसणाऱ्या गोष्टींचा. खाली उभा ऊस असतो, बाभळीचे शेंडे असतात, कुंपणाच्या तारा असतात आणि वरून केंदाळ वाहत येतं. पुढं जाताना पाय वर उचलला जाण्याची वाट मोकळी ठेवावी. म्हणजे आदळला तर तो उसळतो आणि फळी वाचते. इंजिन बंद करणाऱ्या किल्लीची लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असावी. चालवणाराच पाण्यात पडला तर इंजिन चालू राहून नाव त्याच्याच अंगावर फिरते.

त्या मेस्त्रींनी आमची फळी नवी करून दिली तेव्हा मे महिना चालू होता. कळंब्याच्या बाजूनं वळवाचा गार वारा सुटला होता. त्यांनी इंजिन चढवलं, आवळलं, तळ्यात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि आम्ही काठाला लागताच हात पुढं केला. दोन्ही मुठी पुन्हा फिरवून पाहिल्या. डावी पाव फेरा फिरली. “बघा,” म्हणाले आणि तार मागितली.