चिमण्या कुणाच्या गच्चीवरच्या?

"चिमण्या राहिल्याच नाहीत हो!" हे वाक्य मी हळदीकुंकवापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे बोलत आले. पुरावा? माझी गच्ची. सासूबाई होत्या तोवर तिथे गहू वाळायचे, सुपं पाखडली जायची आणि चिमण्यांचा नुसता कलकलाट. आता आम्ही तयार पीठ आणतो.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस लोक अंगणातले पक्षी मोजतात. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या या मोजणीत २०१३ पासून भारतातूनही नोंदी जातात. भाचीने मलाही त्यात ओढलं. किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसेल तो पक्षी लिहायचा. मी ऐटीत लिहिलं: एक खंड्या, दोन पोपट, एक सुतारपक्षी.

"आत्या, कावळे कुठायत?"

"अगं, कावळे काय लिहायचे!"

"मग उद्या कावळे कमी झाले तर कळणार कसं? सगळं लिहिलंस तरच न लिहिलेल्याला अर्थ येतो."

पटलं. अशा शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, यावरून तिचं कमी-जास्त होणं ताडतात. किती वेळ पाहिलं तेही लिहायचं, कारण तासाभरात जास्तच दिसणार.

खरी गोम जागेची. आपण जातो तळ्यावर, नाहीतर आपल्याच गच्चीवर. केरळमध्ये २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक हौशी माणसांनी राज्यभर पक्षी मोजले, तेव्हा नकाशावर चौकोन आखून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जागा निवडल्या. चार हजारांहून जास्त! चहाचा मळा निघो की घरांची दाटी, जायचं म्हणजे जायचं. तेही वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात.

मग काय, आमच्या भिशीतच गावातल्या भागांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला आले मोंढा आणि बायपासजवळची नवी कॉलनी. मोंढ्यात सकाळी सातला गेले तर पोत्यांवर चिमण्याच चिमण्या! साठपर्यंत मोजल्या आणि हमाल हसायला लागले. कॉलनीत मात्र एकही नाही. पारवे तेवढे. खरं सांगते, ती यादी पाठवायचं जिवावर आलं होतं. फाडून टाकावी आणि मोंढ्याचीच पाठवावी, असं वाटलं. भाची पाठीशी उभी होती म्हणून पाठवली.

देशभरातल्या अशा नोंदींवरून २०२० मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांत चिमण्या घटल्यात, पण एकूण देशात पंचवीसेक वर्षांत त्या साधारण टिकून आहेत, असं त्यात निघालं. म्हणजे इतकी वर्षं मी रडत होते ते माझ्या गच्चीपुरतं.

सासूबाईंचं सूप माळ्यावरून खाली काढलंय. रोज मूठभर कणी टाकते. "टाकायची तर रोज टाक, फक्त मोजणीच्या दिवशी नको," असं भाचीने बजावलंय.