कापलेली दोन बोटे आणि दहा गायक

पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम केलेल्या आमच्या वाचक बंधूंना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. १९६५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा पोरगा अशाच कारखान्यात होता. नोकरीचा शेवटचा दिवस. गिटार वाजवायला एका बँडबरोबर तो परदेशी निघणार होता. दुपारी जेवायला घरी आला, आता परत जायचेच नाही असे त्याने ठरवले होते. पण आईने बजावले, दिवस नीट पुरा करून ये. तो गेला. प्रेसवरचा माणूस आला नव्हता म्हणून याला तिथे उभे केले, आणि उजव्या हाताचे मधले बोट व अनामिका यांची टोके मशीनने नेली. टोनी डावखुरा, त्यामुळे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. पण कारखान्यातल्या फोरमनने एक रेकॉर्ड आणून ऐकवली. वाजवणारे होते रोमा समाजातले जँगो राइनहार्ट. १९२८ सालच्या आगीत त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. (असा फोरमन सगळ्यांच्या नशिबी नसतो!) टोनीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बारीक लावल्या, पुढे त्या सैल केल्या. सैल तारेचा सूर खाली उतरतो, जड होतो. ब्लॅक सब्बाथ या बँडचा जो आवाज हेवी मेटल म्हणून जगभर गेला, त्यात या दोन बोटांचा वाटा मोठा.

सांगायचा मुद्दा असा की, बँडचे नाव झाले, पण आयोमी यांचे स्वतःचे नाव त्याखाली झाकले गेले. १९८६ साली 'सेव्हन्थ स्टार' हा अल्बम त्यांनी स्वतःचा म्हणून केला. रेकॉर्ड कंपनी अडून बसली आणि कव्हरवर पुन्हा ब्लॅक सब्बाथ आलेच, यांचे नाव नुसते जोडीला. निव्वळ स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम यायला २००० साल उजाडले. वय ५२. अल्बमचे नाव 'आयोमी'.

गाणी दहा, गायकही दहा. आयोमी स्वतः एकही ओळ गात नाहीत. पहिले गाणे हेन्री रोलिन्स अंगावर धावून आल्यासारखे गातात. दुसरे स्किन या कृष्णवर्णीय गायिकेचे, लंडनच्या ब्रिक्स्टन भागात वाढलेल्या, घराणे मूळ जमैकाचे. आम्हाला हेच सर्वांत आवडले. आर्मेनियन वंशाचे सर्ज टँकियन आहेत, खर्जातला पीटर स्टील आहे. बिली आयडॉल यांचे शेवटचे गाणे मात्र तितके भावले नाही. इंग्रजी शब्द आम्हाला निम्मेच कळले. पण गायक बदलला तरी खालची गिटार एकाच हाताची आहे, हे आमच्यासारख्या अडाण्यालाही ओळखू आले.

नववे गाणे ऑझी ऑस्बर्न यांचे. आयोमी यांच्याच शाळेतला, कत्तलखान्यात राबलेला हा पोरगा पुढे ब्लॅक सब्बाथचा गायक झाला. या गाण्यावर ड्रम वाजवायलाही बँडचे जुने बिल वॉर्डच आहेत.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये, लहानपणीच्याच वस्तीतल्या फुटबॉल मैदानावर, बँडचे चौघे मूळ साथीदार शेवटचे एकत्र वाजले. २२ जुलैला ऑझी गेले. त्या मैदानावर ७७ वर्षांच्या आयोमी यांच्या दोन बोटांवर टोपणे होतीच.