संकटकाळचा पैसा आणि शेतकऱ्याचे खाते

व्यापाऱ्याची पेढी आणि शेतकऱ्याचे खळे यांचा संबंध आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. जिल्ह्यातील गहू व मोहरी आणि डबरा-भितरवारकडील भात बाजारात येऊ लागला, म्हणजेच ग्वाल्हेरच्या बाजारपेठेत हालचाल दिसू लागते. म्हणूनच करोनाच्या महामारीत सरकारने शेतकऱ्यांस जे द्रव्य दिले, त्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या दृष्टीने मांडून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा रब्बीचा गहू ऐन कापणीस आला होता. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीनुसार ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या बँकखात्यांत एप्रिलमध्ये प्रत्येकी २,००० रुपये जमा व्हावयाचे होते. त्या वेळी केंद्रीय कृषिखाते नरेंद्रसिंह तोमर यांच्याकडे होते. २०१४ ते २०१९ या काळात ते ग्वाल्हेरचेच खासदार होते.

जमाखर्चाची सवय असलेल्या वाचकांच्या हे ध्यानी येईल की, ही रक्कम नवी नव्हती. २०१९ साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीतून वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतच होते. त्यांतील पहिला हप्ता मुदतीच्या आरंभीच देण्यात आला, इतकेच. त्या हंगामी गव्हाचा हमीभाव क्विंटलला १,९२५ रुपये होता. अर्थात हप्त्याचे मोल क्विंटलभर गव्हाहून किंचित अधिक. तथापि राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत शासकीय गहूखरेदी १५ एप्रिलला सुरू झाली. माल घरात आणि गिऱ्हाईक दाराबाहेर अडकलेले, अशा वेळी हाती आलेल्या रोख रुपयाची किंमत व्यापाऱ्यास ठाऊक असते. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये मध्यप्रदेश सरकारने आपल्या वतीने वर्षास ४,००० रुपयांची भर घातली. ही भर मात्र खरोखर नवी होती.

परंतु हा पैसा कोणाच्या खात्यात गेला? किसान सन्मान निधीचा नियम असा की, १ फेब्रुवारी २०१९ रोजी ज्याचे नाव जमिनीच्या कागदपत्रांत असेल, तोच पात्र. दुसऱ्याची जमीन बटाईने कसणारा उधारीवर बी-खत आणतो, उन्हातान्हात राबतो आणि पीक बुडाले तर तोटाही सोसतो. तरी त्याच्या नावावर हा हप्ता पडत नाही. उलट प्राप्तिकर भरणारे नियमाने अपात्र असतानाही अनेक अपात्रांनी हप्ते उचलले. सुमारे ४२ लाख अपात्र व्यक्तींकडून २,९९२ कोटी रुपये परत घ्यावयाचे आहेत, असे जुलै २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितले.

आपल्या खतावणीत उधार नेणाऱ्याचे नाव असते. सरकारच्या खतावणीत जमीनमालकाचे. या दोन नावांमधील अंतर संकटकाळी किती मोठे होते, हे २०२० सालाने दाखविले. बटाईदारास सरकार ओळखत नसेल, पण दुकानाच्या गादीवर बसणारा त्यास नावाने ओळखतो. म्हणून त्याच्याविषयीचे आपले कर्तव्यही अधिक आहे.

मध्यप्रदेशात २०१६ साली भूमिस्वामी व बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा झाला. त्यान्वये बटाईचा करार लेखी करता येतो. त्याने जमिनीच्या मालकीस धक्का लागत नाही, आणि पीक बुडाल्यास मिळणाऱ्या मदतीत बटाईदाराचा हक्क सांगता येतो. अशा करारामुळे किसान सन्मान निधी मिळेल असे नव्हे. परंतु जमीन कोण कसतो, याची कागदावर नोंद तरी होईल.

आपल्यापैकी ज्यांची खेड्यापाड्यांत जमीन बटाईने दिलेली असेल, त्यांनी हा करार अवश्य करावा. आणि ज्यांच्या दुकानी बटाईदार उधारी नेतात, त्यांनी त्यांस या कायद्याची माहिती द्यावी. तोंडी व्यवहारावर आपण पेढी चालवीत नाही. मग ज्याच्या घामावर पेढी चालते, त्याचाच व्यवहार तोंडी का असावा? याचा सर्व सभासद बंधु-भगिनींनी विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.