पंचवीस टक्के आणि एक लाल बलून

लेखमाला : शाळा कुणाची? (भाग ६)

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) प्रवेशाचे फॉर्म भरायच्या दिवसांत नेट कॅफेत जाऊन बसावं. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक आई होती, मांडीवर पोरगा. पडद्यावर नकाशा, त्यावर घराची जागा दाखवणारा लाल बलून. कॅफेवाला तो माऊसनं सरकवत होता आणि ती सांगत होती, "तिथं नाय दादा, नाल्याच्या अलीकडं. पलीकडं गेला तर शाळा लांब पडती." तिचा हिशेब पक्का होता. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा नंबर आधी लागतो, तीन किलोमीटरपर्यंतच्यांचा त्यानंतर.

मागच्या भागात २००९चा शिक्षण हक्क कायदा पाहिला. त्यातलं सर्वांत गाजलेलं कलम १२(१)(क). खासगी विनाअनुदानित शाळेनं पहिलीच्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. अल्पसंख्याक शाळांना सूट आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकात बसायचं, तर उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत हवं. म्हणजे महिन्याला साडेआठ हजारसुद्धा नाहीत! एवढ्यात शहरात घर चालवणाऱ्याचा खरं तर सत्कारच करायला हवा.

आता 'मोफत'चे पैसे कोण भरतं? सरकार. सरकारी शाळेत एका मुलामागे होणारा खर्च किंवा त्या खासगी शाळेची फी, यांत जे कमी असेल ते. राज्यात हा आकडा वर्षाला १७,६७० रुपये असा ठरला होता. तोही वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. पण थकबाकी सरकारची आणि राग निघतो पोरावर. गणवेश, व्हॅन, सहल, गॅदरिंग... दर महिन्याला नवी पावती.

९ फेब्रुवारी २०२४ला सरकारनं वेगळीच वाट काढली. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर जवळच्या खासगी शाळेला या पंचवीस टक्क्यांतून मोकळीक. शहरात अशी शाळा कुठे नसते? कलम कागदावर राहिलं असतं, जागा गेल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती अधिसूचना रद्द केली.

त्या आईचा बलून अखेर नाल्याच्या अलीकडे बसला. अडलं ते पुढच्या रकान्यात. भाड्यानं राहणाऱ्याला पत्त्याचा पुरावा म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो. तिच्याकडे घरमालकानं पाचशेच्या स्टँपवर लिहून दिलेला कागद होता. तो चालत नाही.

वाचकांपैकी कुणाची खोली भाड्यानं दिलेली असेल आणि त्या घरात पाच वर्षांचं पोर असेल, तर यंदा करार नोंदवून द्या. फॉर्म सुटायच्या आधी.